पाषाणातला उकळता दगड

आषाढ तळून झाला होता. तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाच्या कापण्या आणि शेवटी उरलेल्या पिठाच्या वेड्यावाकड्या शंकरपाळ्या. कढईत दीडएक लिटर तेल शिल्लक होतं. ते ठेवायचं की टाकायचं, हा आमच्या घरातला दरवर्षीचा वाद ऐन रंगात आला होता. तेवढ्यात संपादकांचा फोन आला.

“यंदाचा विषय इंधन. भाव आणि आखाती राजकारण यावर दोघं लिहिताहेत. तुम्ही माणसावर लिहा. इंधनावर जन्म काढलेल्या एखाद्या केमिस्टवर.”

केमिस्ट म्हटलं की आपल्याला औषधाचं दुकान आठवतं. रसायनशास्त्रज्ञ म्हटलं की शाळेतलं पुस्तक. चाळीस वर्षं पेट्रोलच्या, अल्कोहोलच्या किंवा तेलाच्या रेणूंशी झटापट करणारा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे मलाही सांगता आलं नसतं. म्हणून पाषाण रस्ता धरला. तिथून एका साखर कारखान्याची डिस्टिलरी, मग एका मित्राच्या कॉलेजची प्रयोगशाळा, आणि फिरून पुन्हा आमच्या गॅलरीत ठेवलेली तेलाची बाटली, असा हा प्रवास झाला.

दोन साहेब

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला पुण्यात कुणी या नावानं ओळखत नाही. रिक्षावाल्याला ‘एनसीएल’ म्हणायचं. ३ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक व्हायला तीन आठवडे असताना, पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. पुढे कृ. वेंकटरामन, बा. द. टिळक, दोराईस्वामी, माशेलकर अशी संचालकांची मोठी रांग लागली. पण पहिले दोघं गोरे साहेब होते, आणि दोघंही कादंबरीत शोभावेत असे.

पहिले जेम्स विल्यम मॅकबेन. जन्म कॅनडातला, उमेदीची वर्षं इंग्लंडात ब्रिस्टलला, मग अमेरिकेत स्टॅनफर्डला. साबणाचं पाणी हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. साबणाचे रेणू पाण्यात गठ्ठे करून राहतात, असं त्यांनी मांडलं तेव्हा बड्या मंडळींना ते पटलं नव्हतं. दुसरे जॉर्ज फिंच, हे तर गिर्यारोहक. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी बांधून ते ८३०० मीटरच्या आसपास पोचले होते. नळकांड्यातला प्राणवायू वापरणं खिलाडूपणाला धरून नाही, असं तेव्हाचे काही साहेब लोक म्हणत. फिंच केमिस्ट. त्यांनी दाब, वजन आणि श्वास यांचं गणित मांडलं आणि नळकांडी उचलली. तोच माणूस तीस वर्षांनी पाषाणला प्रयोगशाळा चालवत होता!

फिंचांचा मोह आवरून मॅकबेनकडे वळतो, कारण या लेखाचा धागा त्यांच्या एका शब्दात आहे. पुण्याला येण्याच्या बरीच वर्षं आधी, १९३२ साली, त्यांनी ‘मॉलिक्युलर सीव्ह’ हा शब्द घडवला. रेणूंची चाळणी. चॅबझाइट नावाचा एक दगड पाण्याचा आणि अल्कोहोलचा रेणू पोटात घेतो, पण बेंझिनचा घेत नाही, असं तेव्हा दिसून आलं होतं. दगडाच्या आत इतकी बारीक आणि इतकी एकसारखी भोकं असली पाहिजेत की ती रेणूला रेणूपासून निवडतात. पिठाच्या चाळणीसारखंच, फक्त केसाच्या जाडीचे लाखावर भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही बारीक. हा शब्द घडवणारा माणूस ज्या प्रयोगशाळेचा पहिला संचालक झाला, तीच प्रयोगशाळा पुढे अशा चाळण्यांसाठी जगभर ओळखली गेली. योगायोग म्हणा. मला तो फार आवडला.

वाघोलीच्या खाणीतून

या दगडांच्या घराण्याचं नाव झिओलाइट. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं एक खनिज फुंकणीच्या ज्योतीत धरलं, तर ते फसफसायला लागलं. दगड आणि उकळतोय! ग्रीकमधून त्यानं नाव दिलं, उकळता दगड. आत दडून बसलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत होतं, इतकंच.

हे घराणं आपल्या फार जवळचं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले. नंतर त्या पोकळ्यांतून गरम, खनिजांनी भरलेलं पाणी झिरपत राहिलं आणि आत स्फटिक वाढले : स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट. पुणे, नाशिक, जळगावकडे विहीर खणताना काळ्या कातळात अचानक पांढऱ्या-गुलाबी फुलांसारखं काही चमकतं, ते बहुधा हेच. वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हनसाइट तर जगातले संग्राहक शोधत येतात, आणि तो अनेकदा स्टिल्बाइटच्या गादीवर बसलेला असतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा दगडांसमोर मी एकदा अर्धा दिवस घालवला आहे. तेव्हा त्यातलं काहीएक कळलं नव्हतं, नुसते डोळे दिपले होते.

मात्र कारखान्याला खाणीतला दगड चालत नाही. त्यात माती, लोह, शेजारच्या खनिजांची भेसळ असते, आणि भोकं निसर्गाच्या मर्जीची. हवं ते भोक हव्या त्या मापाचं पाहिजे असेल, तर दगड स्वतः बनवावा लागतो. इथून केमिस्टचं काम सुरू होतं.

सेंटरिंग

पॉल रत्नसामी हे नाव मराठी वाचकाला फारसं ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. जन्म तमिळनाडूतला, १९४२चा. परदेशात काही वर्षं काढून ते डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत आले. कच्च्या तेलाचं पेट्रोल-डिझेल करताना लागणारे उत्प्रेरक, म्हणजे तिथल्या भाषेत ‘कॅटॅलिस्ट’, हा त्यांचा विषय. १९८०च्या सुमारास ते पुण्याला आले. १९८४ साली भटनागर पुरस्कार, १९९५ ते २००२ एनसीएलचं संचालकपद, २००१ साली पद्मश्री. ही झाली भिंतीवरच्या पाटीवर मावणारी माहिती. पाटीवर न मावणारं काम एका तोंड बंद केलेल्या हंड्यात चालायचं.

तो हंडा कसा असतो, हे मला सुतारवाडीत राहणाऱ्या एका निवृत्त टेक्निशियन काकांनी समजावलं. एका प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली. नाव छापू नका म्हणाले. “प्रेशर कुकरचा थोरला भाऊ समजा. आपला कुकर एकशेवीस डिग्रीला शिट्टी देतो. आमचा एकशेसत्तर-एकशेऐंशीला, आणि शिट्टी नाही! दोन-दोन दिवस तसाच. मध्ये उघडायचा नाही. उघडला की साहेबांचं तोंड सुरू.”

हंड्यात जातं ते बिनरंगी, घट्ट पेजेसारखं मिश्रण : सोडियम सिलिकेट, थोडं ॲल्युमिनियमचं मीठ, पाणी, आणि एक सेंद्रिय रेणू. गंमत या शेवटच्या पाहुण्यात आहे. चार प्रोपिल हात चारी दिशांना पसरलेला हा अमोनियमचा रेणू स्वतः दगड होत नाही. तो मध्ये उभा राहतो आणि सिलिका त्याच्याभोवती रचली जाते. स्लॅब टाकताना आधी फळ्या आणि टेकू लावून सेंटरिंग करतात, काँक्रीट धरलं की ते काढून घेतात, अगदी तसंच. इथे सेंटरिंग काढत नाहीत, जाळतात. पांढरी भुकटी साडेपाचशे अंशांवर हवेत तापवली की ती आधी तपकिरी होते, भट्टीपाशी माशासारखा उग्र वास सुटतो, आणि काही तासांनी पुन्हा पांढरीशुभ्र होते. सेंद्रिय रेणू गेला आणि त्याच्या मापाचं भोक मागे राहिलं.

या पद्धतीनं बनणाऱ्या झेडएसएम-५ या झिओलाइटचं पेटंट मोबिल या अमेरिकी कंपनीनं १९७२ साली मिळवलं. एका ग्रॅमच्या पोटात साडेतीनशे चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. पुणेकराला समजेल अशा मापात, पावणेचार हजार चौरस फूट. चिमूटभर भुकटीत बंगला! शिवाय त्या बंगल्याच्या भिंती आम्लधर्मी असतात, त्यामुळे आत शिरलेला रेणू तसाच बाहेर पडत नाही. तुटतो, जुळतो, अंग बदलतो. न्यूझीलंडनं १९८५ साली या चाळणीच्या जोरावर मिथेनॉलपासून थेट पेट्रोल करणारा कारखाना उभारला होता.

पुण्यातल्या गटानं स्वतःची झिओलाइटं घडवली आणि त्यांना नाव दिलं एन्सिलाइट. सावकाश उच्चारून पाहा, ‘एनसीएल’ ऐकू येईल. पहिली मोठी परीक्षा झायलीनची होती. झायलीन म्हणजे बेंझिनच्या कड्याला दोन मिथिल गट. ते शेजारी शेजारी असले तर ऑर्थो, एक घर सोडून असले तर मेटा, समोरासमोर असले तर पॅरा. वजन तेच, घटक तेच, पण बाजाराला मुख्यतः पॅरा हवा असतो. त्याच्यापासून पॉलिस्टर होतं. ऐंशीच्या दशकात घराघरांत टेरिकॉटच्या पँटी शिवल्या जात होत्या, तो धागा आठवा. पंढरपूरच्या दर्शनबारीतल्या अरुंद कठड्यातून सडपातळ माणूस सुळकन पुढे जातो आणि दोन्ही काखांत पिशव्या घेतलेला अडतो. पॅरा सडपातळ आहे. ऑर्थो आणि मेटा आतल्या आत अंग बदलून पॅरा झाले तर त्यांनाही वाट मिळते. या प्रक्रियेचं नाव झायलोफायनिंग. एनसीएलची विद्या, उत्प्रेरक बनवायला एसीसी ही सिमेंट कंपनी, आणि वापरायला बडोद्याची आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी, असं ते त्रिकूट होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ही प्रक्रिया कारखान्यात चालू झाली.

आता हे एका वाक्यात लिहून झालं. पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती याच वाक्याच्या पोटात आहे. काचेच्या नळीत पाच ग्रॅम उत्प्रेरक चांगला चालला, याला शोधनिबंध मिळतो. कारखान्याला टनांनी लागतो. शंभर मिलिलिटरचा हंडा दहा मिनिटांत सगळीकडून सारखा तापतो. हजार लिटरच्या हंड्यात कडेची पेज शिजते तेव्हा मधली अजून कोमट असते. स्फटिक कुठे लहान, कुठे मोठे. ढवळलं जास्त तर वेगळंच झिओलाइट पडतं, कमी तर तळाला खर धरते. बासुंदी दोन लिटरची आणि दोनशे लिटरची करणारा आचारी हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून शिकत नाही.

पुढचं तर आणखी घरगुती. भुकटी तशीच रिअॅक्टरमध्ये भरली तर वायू पुढे सरकणार नाही, म्हणून तिला ॲल्युमिनाच्या चिकट लगद्यात मळतात आणि साच्यातून दाबून शेव पाडतात. “सोऱ्याच तो,” काका म्हणाले. “पीठ सैल झालं तर शेव चिकटते, घट्ट झालं तर साचा अडतो. आमच्या हिला मी चकलीत मदत करायचो तेव्हा म्हणायची, तुम्हाला ऑफिसात हेच काम आहे की काय!” ही दीड मिलिमीटर जाडीची शेव वाळवतात, भाजतात आणि मग चिरडून पाहतात. कित्येक मीटर उंचीच्या रिअॅक्टरमध्ये तळाच्या शेवेवर वरच्या सगळ्या शेवेचा भार येतो. ती पिचली तर भुकटी होते, वाट तुंबते आणि कारखाना बंद. लगदा जास्त घातला तर शेव दणकट होते, पण भोकं बुजतात. चांगलं किती आणि टिकाऊ किती, हा सौदा करण्यात वर्षं जातात. शोधाची बातमी होते. सौदा कुणी लिहून ठेवत नाही. संशोधकाच्या आयुष्याचा मोठा वाटा मात्र त्यातच खर्च होतो.

याच गटाची दुसरी प्रक्रिया मला जास्त देशी वाटते. अल्बीन तिचं नाव, अल्कोहोल आणि बेंझिन मिळून. पॉलिस्टायरीनसाठी एथिलबेंझिन लागतं आणि जगभर ते एथिलीन वायूपासून करतात. आपल्याकडे एथिलीनची चणचण होती. मळीपासूनचं अल्कोहोल होतं. म्हणून वायूऐवजी थेट अल्कोहोल वापरायचं असं ठरलं आणि विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पॉलिमर्समध्ये ते चाललंही. घरात जे आहे त्यात स्वयंपाक करायचा, ही गृहिणीची अक्कल इथे रसायनशास्त्रात उतरलेली दिसते.

“साहेब, हात करा पुढं”

मॅकबेनचा शब्द आज पश्चिम महाराष्ट्रातल्या किती जणांच्या तोंडी आहे हे पाहायचं असेल, तर साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत जावं. मी गेलो तेव्हा गाळप अर्थातच बंद होतं. गव्हाणीवर कुत्री झोपली होती. डिस्टिलरी मात्र साठवलेल्या मळीवर चालू होती, आणि आंबलेल्या वॉशचा वास गेटपासून अंगावर येत होता.

मळी पाणी घालून पातळ करतात, यीस्ट सोडतात. आठ-दहा टक्के अल्कोहोलचा वॉश तयार होतो. तो उंच मनोऱ्यांतून उकळत नेला की पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत अल्कोहोल मिळतं. तिथे गाडी अडते. उरलेलं पाणी कितीही उकळलं तरी सुटत नाही. दोघं मिळून एकाच तापमानाला वाफ होतात. पिण्याच्या कामाला हे चालतं. पेट्रोलमध्ये मिसळायला चालत नाही. टाकीत पाणी आलं तर अल्कोहोल पेट्रोलला सोडून पाण्याची सोबत धरतं आणि दोघं तळाला जाऊन बसतात. गाडी बंद. इंधनाचं इथेनॉल साडेनव्याण्णव टक्क्यांच्या वर कोरडं लागतं.

पूर्वी हे शेवटचं पाणी काढायला बेंझिन वापरायचे, आणि बेंझिननं कर्करोग होतो. आता त्या जागी दोन उभ्या टाक्या असतात. आत भरलेल्या असतात साबुदाण्याहून जरा मोठ्या, मातकट रंगाच्या गोळ्या. हा तीन अँगस्ट्रॉमचा झिओलाइट. पाण्याचा रेणू त्यात मावतो, अल्कोहोलचा मावत नाही. अल्कोहोलची वाफ एका टाकीतून जाते, पाणी गोळ्यांत अडकतं, कोरडी वाफ पुढे. काही मिनिटांत गोळ्या भरतात, मग वाफ दुसऱ्या टाकीकडे वळते आणि पहिलीवर व्हॅक्यूम लावून पाणी ओढून घेतात. व्हॉल्व्ह ठराविक वेळानं फस्स करतात. ऑपरेटर गप्पा मारत असला तरी कान तिकडेच. “एक बेड सर्व्हिसला, दुसरा रिजनरेशनला,” तो म्हणाला. “मॉलसीव्ह बिघडली की आवाजच बदलतो.”

“बिघडते कशी?”

“ओली झाली की. वाफेऐवजी लिक्विड आलं, संपलं. पीठ होतं.”

त्यानं एका डब्यातून मूठभर गोळ्या आणल्या. “साहेब, हात करा पुढं.” माझ्या तळहातावर चार-पाच गोळ्या ठेवल्या आणि बाटलीच्या बुचातून दोन थेंब पाणी टाकलं. बारीक चुर्र आवाज आला आणि चटका बसला. हात झटकला तसा तो मनापासून हसला. पाहुण्यांना करायचा त्याचा हा ठरलेला खेळ असणार. क्रोनस्टेटनं दगड तापवून पाणी बाहेर काढलं होतं. इथे पाणी आत शिरताना तेवढीच उष्णता परत करत होतं. दोनशे सत्तर वर्षांपूर्वीचा प्रयोग उलटा फिरून माझ्या तळहातावर आला.

देशानं पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचा टप्पा २०२२ साली आणि वीस टक्क्यांचा २०२५ साली गाठला. त्या प्रत्येक लिटरमागे पाणी काढून टाकायची ही पायरी आहेच. ‘अॅव्हरेज कमी झालं’ ही पंपावरची कुरकुर खोटी नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के ऊर्जा कमी होणारच. हे गणित सरकारनं पंपावर ठळक लिहून लावलं असतं तर लोकांनी ते समजून घेतलं असतं, असं माझं मत आहे.

साबण झाला!

गॅलरीतल्या तेलाकडे वळतो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा माझा मित्र म्हणाला, “आण, बायोडिझेल करून दाखवतो.” तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरिनच्या कण्याला लटकलेल्या तीन लांब साखळ्या. मिथेनॉल त्या एकेक करून सोडवून घेतं. सुट्या साखळ्या म्हणजे बायोडिझेल, उरलेला कणा म्हणजे ग्लिसरिन. शंभर किलो तेलाला अकराएक किलो मिथेनॉल लागतं, शंभरएक किलो बायोडिझेल आणि दहाएक किलो ग्लिसरिन मिळतं. काम जलद व्हावं म्हणून थोडा कॉस्टिक सोडा.

मित्रानं कॉस्टिक विरघळवलेलं मिथेनॉल आमच्या तेलात ओतलं, ढवळलं, आणि आम्ही चहाला गेलो. परत आलो तर चंचुपात्रात मोरावळ्याच्या पाकासारखा गच्च गोळा!

“अरे, साबण झाला की!” तो म्हणाला. “तेल नीट वाळवलं नाहीस. पुऱ्यांचं पाणी उतरलंय त्यात. आणि तळून तळून तेल आंबट होतं, ते वेगळंच.”

बायोडिझेलचं सगळं दुखणं या गोळ्यात आहे. तळलेल्या किंवा अखाद्य तेलात सुटी आम्लं असतात, कॉस्टिक आधी त्यांना गाठतं आणि साबण करतं. मग बायोडिझेल आणि ग्लिसरिन वेगळं होत नाही, धुण्यात पाण्याचे पिंपावर पिंप जातात. मॅकबेनसाहेब हयात असते तर खूश झाले असते, बाकी कुणी होत नाही.

रत्नसामी आणि त्यांचे सहकारी दर्भा श्रीनिवास यांनी एनसीएलमध्ये यावर घन उत्प्रेरक शोधला. लोह आणि जस्त यांना सायनाइडच्या पुलांनी जोडलेली ही जाळी, प्रशियन ब्लू या रंगाच्या नात्यातली. सायनाइड ऐकून दचकू नये, ते जाळीत पक्कं बांधलेलं असतं. तिचा पृष्ठभाग पाण्याला फारसा जवळ करत नाही. सुटी आम्लं आणि अखंड तेल, दोन्हींचं बायोडिझेल ती एकाच भांड्यात करते. साबण नाही, धुणं नाही, काम झालं की गाळून परत वापरायची. २००६ साली हे काम प्रसिद्ध झालं. पुढे एका अमेरिकी कंपनीनं त्याचे हक्क घेतले. रत्नसामी नंतर अमेरिकेत लुइव्हिल विद्यापीठात अक्षय इंधनांवर काम करायला गेले. डेहराडूनला कच्च्या तेलापासून सुरू झालेली वाट करंज-एरंडाच्या अखाद्य तेलांवरून अशी पुढे गेली.

आणि तरी तुमच्या डिझेलमध्ये बायोडिझेल जवळजवळ नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनं मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, जोरावर वीस टक्के मिश्रणाचं स्वप्न मांडलं होतं. माळरानावर, पाण्याशिवाय, राखणीशिवाय तेल पिकणार! रोपं विकणाऱ्यांचं भलं झालं. झाड जगलं, पण बी धरलं नाही. खतपाणी दिलं तरच धरतं, आणि खतपाणी द्यायचं तर शेतकरी मोगली एरंड कशाला लावेल? २०१८च्या धोरणात डिझेलसाठी लक्ष्य पाच टक्क्यांवर आलं आणि मुदत २०३०ची. रसायनशास्त्रानं आपलं काम चोख केलं होतं. हंड्यात घालायला तेलच नव्हतं. केमिस्टच्या वाट्याला असंही येतं, की त्याचा प्रयोग फसत नाही आणि तरी तो हरतो.

पडदा

पाषाणला आता चाळण्यांची नवी पिढी आहे आणि ती दगडाची नाही. नुसत्या कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजनची, म्हणजे अस्सल सेंद्रिय जाळी. धातू आणि सेंद्रिय रेणू गुंफून केलेल्या, तिच्या नात्यातल्या जाळ्यांना २०२५चं नोबेल मिळालं. मानकऱ्यांतले ओमर याघी यांनीच २००५ साली बिनधातूची सेंद्रिय जाळीही करून दाखवली होती. पण सुरुवातीच्या त्या जाळ्या पाणी लागलं की मोडायच्या. २०१२ साली एनसीएलमध्ये राहुल बॅनर्जी यांच्या गटानं उकळत्या पाण्यात आणि तीव्र आम्लात टिकणारी जाळी विणली. दोन वर्षांनी त्याच गटानं तशाच एका जाळीत फॉस्फोरिक आम्ल भरून तिच्यातून प्रोटॉन वाहून दाखवले.

प्रोटॉन कशाला वाहायचे? फ्युएल सेलसाठी. हायड्रोजन जाळायचा नाही, प्लॅटिनमवर फोडायचा. इलेक्ट्रॉन तारेतून जातो, तीच वीज. प्रोटॉन मधल्या पडद्यातून पलीकडे जाऊन ऑक्सिजनला भेटतो, पाणी होतं. पडदा आजही बहुधा टेफ्लॉनच्या जातीच्या पॉलिमरचा असतो; हातात घेतला तर सेलोफेनच्या तुकड्याहून निराळा वाटत नाही. तो ओला राहिला पाहिजे, पण सेल पाण्यानं तुंबता कामा नये, आणि पडदा फाटता कामा नये. चांगलं किती आणि टिकाऊ किती, पुन्हा तोच सौदा.

एनसीएल, कराईकुडीची सेक्री प्रयोगशाळा आणि पुण्याची केपीआयटी कंपनी २०१६ साली यावर एकत्र आल्या. ऑक्टोबर २०२०मध्ये एनसीएलच्या आवारात दहा किलोवॉटच्या सेलवर मोटार धावली : टाकीत ३५० बार दाबाखाली पावणेदोन किलो हायड्रोजन, आणि त्यावर अडीचशे किलोमीटरची अपेक्षा. ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यातच बस दाखवली गेली. पहिल्या प्रयोगापासून रोजच्या थांब्यावर उभ्या राहणाऱ्या बसपर्यंत किती वर्षं लागतील, हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, “शेव पाडणारी माणसं आहेत का बघा. असतील तर होईल.”

पिंप

राहता राहिलं आमचं तेल. वापरलेल्या तेलात पंचवीस टक्क्यांहून जास्त ध्रुवीय संयुगं झाली की ते खाण्यात वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८च्या जुलैपासून आहे. असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची योजनाही त्याच वर्षी आली. करंज आणि जट्रोफाची जी अडचण होती ती इथे नाही. तेल आधीच घरात आहे. हॉटेलांकडून ते उचलणारे आहेत. मी एकाला फोन केला. “दोन लिटरसाठी गाडी कशी पाठवणार, साहेब? पिंप भरलं की बोलवा.”

म्हणून आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली आता पन्नास लिटरचं झाकणाचं निळं पिंप आहे. चकल्या, चिवडा, अनारसे आटोपले की तेल गार होऊ द्या, गाळा, पाणी शिरू देऊ नका आणि तुमच्याही जिन्याखाली असं एक पिंप ठेवा. मोरीत ओतू नका. आमच्या पिंपात हा लेख छापायला देईपर्यंत अकरा लिटर जमलं आहे.